ज्यांचा कागद उरला आणि ज्यांचा उरला नाही

वाचकांचे प्रश्न : पुस्तकांविषयी

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. कादंबरी वाचली, मग त्याच विषयावरचं इतिहासाचं पुस्तक हाती आलं, आणि दोघांचा मेळ बसेना. माझी सगळी नोकरी साताऱ्यात रेकॉर्ड रूममध्ये, जमिनी-इनामांच्या जुन्या कागदांत झाली. कादंबरी वाचतानाही माझं मन कागद शोधत असतं. माझी उत्तरं त्या सवयीतून येतात.

ताई, पानिपतावरची एक गाजलेली कादंबरी वाचली आणि झोप उडाली. मग मुलाने इतिहासकार शेजवलकरांचं पुस्तक आणून दिलं. त्यात भाऊसाहेब वेगळेच दिसतात. आता खरं कोणतं मानायचं?
— एक वाचक, वाई

तुम्ही वाईचे आहात, म्हणून तुमच्याच गावापासून सुरुवात करते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. ती दप्तरं त्यांना वाईत मिळाली. पानिपताविषयी आज आपण जे खात्रीने बोलतो, त्याचा मोठा भाग अशा गाठोड्यांतून आला आहे. तुम्ही रोज ज्या गावात भाजी आणायला जाता, तिथल्या एका वाड्यात ते कागद पडून होते, हे मला आजही थक्क करतं.

आता खरं कोणतं? शेजवलकरांनी पानिपताची जागा स्वतः जाऊन पाहिली, पत्रांवरच्या तारखा लावल्या, सैन्य कुठून कुठे गेलं ते जमिनीवर तपासलं. इंग्रजी पुस्तक १९४६ चं, मराठी १९६१ चं. पराभवाचं सगळं खापर एकट्या भाऊसाहेबांवर फोडायला ते तयार नाहीत. दोष शोधत ते नानासाहेब पेशव्यांच्या कारभारापर्यंत जातात. पटो न पटो, ते प्रत्येक ठिकाणी आधार दाखवतात, त्यामुळे तुम्हाला त्यांच्याशी भांडता येतं. कादंबरीशी तसं भांडता येत नाही. तिथे भाऊसाहेबांच्या मनात रात्री काय चाललं होतं हे लेखक सांगतो आणि आपण मानतो. झोप त्यानेच उडते. ती उडायलाही हवी. १७६० च्या नोव्हेंबरपासून त्या छावणीला वेढा पडत गेला, डिसेंबरात रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, ती रसद थांबली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. १४ जानेवारीला सैन्य बाहेर पडलं ते उपाशी पोटी. हे दोन ओळींत लिहिलं की माहिती होते, कादंबरीत वाचलं की पोटात खड्डा पडतो.

पण मी तुम्हाला तिसरी गोष्ट वाचायला सांगेन, आणि ती अगदी लहान आहे. नाना फडणविसांचं आत्मचरित्र. नाना जन्मले साताऱ्यात, १७४२ च्या फेब्रुवारीत. पानिपताच्या दिवशी वय एकोणीसही पूर्ण नव्हतं. तिथून ते कसे निसटले, आईची ताटातूट कशी झाली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आई पुन्हा भेटली नाही. पुढे अर्ध्या हिंदुस्थानाचं राजकारण हाताळणारा हा माणूस तिथे घाबरलेल्या मुलासारखा लिहितो, आपल्या मनाच्या दुबळेपणाविषयीही मोकळेपणाने लिहितो. ते वाचल्यावर मला कादंबरीतली कित्येक भाषणं जड वाटू लागली. वाचून झालं की मेणवलीला जाऊन त्यांच्या वाड्यात बसून या. वाईपासून जवळच आहे. तुमच्या पाहण्यातला तो वाडा तुम्हाला निराळा दिसेल.

'स्वामी' मी दर काही वर्षांनी वाचते. रमा-माधवांचे संवाद खरे आहेत का? खोटे असतील तर माझं काहीतरी हरवेल असं वाटतं.
— एक वाचक, मिरज

संवाद लेखकाचे आहेत. तुमचं काही हरवत नाही. माधवराव १७६१ मध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी पेशवे झाले, काका राघोबादादांशी घरातच लढले, क्षयाने खंगत गेले आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. रमाबाई सती गेल्या. आपल्या पश्चात कर्ज फेडलं जावं, ही इच्छा त्या माणसाने लिहून ठेवली होती. एवढं कागदावर आहे. या दोघांत एकांतात काय बोलणं झालं ते कुणी लिहून ठेवणारच नव्हतं. तिथे कादंबरीकाराला जागा आहे आणि ती त्याने हक्काने घ्यावी. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी असते. पत्र उपलब्ध असताना, ते न पाहता त्याच प्रसंगावर कुणी मनचं लिहिलं तर मी पुस्तक मिटते. हे मी या कादंबरीविषयी म्हणत नाही, अलीकडे वाचलेल्या दोन-तीन नव्या कादंबऱ्यांविषयी म्हणते.

तुम्ही मिरजेच्या आहात, तर एक करा. वासुदेवशास्त्री खरे तुमच्याच गावात शाळेत शिकवत होते. मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद निवडून, टिपा देऊन त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला घेतला आणि आयुष्यभर तेच केलं. १९२४ मध्ये ते वारले. कादंबरीत आपण तो काळ शनिवारवाड्यातून पाहतो. खऱ्यांच्या खंडांत तोच काळ मिरजेच्या बाजूने दिसतो. राघोबादादांनी मिरज घेतली तेव्हा गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, आणि ती धामधूम संपल्यावर मिरज पुन्हा पटवर्धनांकडे आली. गोपाळरावांच्या घरातल्या माणसाला तरुण पेशवा कसा दिसत असेल? कादंबरीत आपण माधवरावांच्या प्रेमात असतो, तिथे हा प्रश्न सुचतच नाही. पत्रं रुक्ष आहेत, मुक्काम, दाणावैरण, देणी-घेणी यांनी भरलेली. चार पानं नेटाने वाचा. पाचव्या पानापासून माणसं ओळखीची होतात.

हे खंड जुन्या ग्रंथालयांतच मिळतील, आणि सांगली भागात तेही अवघड झालं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ग्रंथालयांच्या तळमजल्यांवर चढलं. भिजून फुगलेले खंड रस्त्यावर वाळत घातलेले मी पाहिले. घरातलं माणूस गेल्यासारखं रडू आलं होतं. ज्यांच्याकडे अशा पुस्तकांची जास्तीची प्रत असेल त्यांनी ती मिरज-सांगलीच्या वाचनालयांना द्यावी, अशी या निमित्ताने विनंती करते.

इतिहासाचे जाड ग्रंथ वाचायला घेतले की डोळे मिटतात. उपाय?
— एक वाचक, फलटण

सुरुवातीपासून वाचू नका. सूचीत आपल्या तालुक्याचं, नदीचं, किल्ल्याचं नाव शोधा आणि ते पान उघडा. फलटण तर भरपूर सापडेल.

ग्रँट डफ इंग्रज होता, जिंकणाऱ्यांचा माणूस होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास आज कशाला वाचायचा?
— एक वाचक, सातारा

त्याने तो आपल्या गावात बसून जमवला, हे पहिलं कारण. १८१८ मध्ये पेशवाई संपली, प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं गेलं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला जेम्स ग्रँट डफ आला. १८२२ पर्यंत तो इथे होता. महाराजांकडची, सरदारांकडची, देवस्थानांकडची कागदपत्रं त्याने पाहिली, उतरवून घेतली. १८२६ मध्ये तीन खंड छापले. ज्याच्या हातात सत्ता त्यालाच सगळ्यांच्या कागदांचे रुमाल सोडता येतात, ही गोष्ट मला या पुस्तकात पानोपानी टोचते. पुढे त्यातले काही कागद मूळ रूपात राहिलेही नाहीत.

तरी वाचा. माधवरावांच्या अकाली मृत्यूने मराठी राज्याचं पानिपतापेक्षा कमी नुकसान झालं नाही, हे पहिल्यांदा ठामपणे लिहिणारा हाच. तुमच्या आधी त्याच्याशी भांडलेलेही वाचा. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत, १८६८ च्या सुमारास, त्याच्या इतिहासावर टीका लिहिली. आपल्याकडच्या बखरी, पत्रं जमवल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, हे त्यानंतरच्या पिढ्यांना कळलं. राजवाडे, खरे, पारसनीस, सरदेसाई हे सगळे त्या वाटेने गेले. डफ नसता तर ही माणसं इतक्या ईर्ष्येने घराघरांत गाठोडी शोधत फिरली असती का, मला शंका आहे.

मी कॉलेजात आहे. 'फकिरा' वाचून मी भारावले. वर्गात बोलले तर सांगण्यात आलं, ही कादंबरी आहे, इतिहास म्हणून तिचा आधार देऊ नकोस. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, वाळवा तालुका

तुझं पत्र मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं.

वर सगळीकडे मी 'कागद पाहा' असं म्हणत आले. आता तू विचारलंस, तर मला विचारावं लागतं की कागद कुणाचा? पेशव्यांचं दप्तर आहे, पटवर्धनांचं आहे, नाना फडणविसांचं आहे. फकिरा ज्या मांगवाड्यातला, त्याचं दप्तर कुठे आहे? रेकॉर्ड रूममध्ये मी वतनाचे, इनामाचे, वाटण्यांचे कागद हाताळले. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, भावाभावांच्या भांडणांसकट. ज्यांच्याकडे नव्हती ती माणसं त्या कागदांत अचानक उगवतात, गुन्हा, हजेरी किंवा शिक्षा या निमित्ताने, आणि पुन्हा दिसेनाशी होतात. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पिढीजात गुन्हेगार म्हणून माणसांच्या नावावर शिक्का बसला, चावडीवर हजेरी लागू लागली. फकिराचा सरकारी कागद कधी सापडला तरी तो त्याला पकडू पाहणाऱ्याने लिहिलेला असेल.

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. तुझ्याच तालुक्यातले. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा जवळपास नाहीच. बापाबरोबर चालत मुंबईला गेले, गिरणीत राबले, शाहीर झाले. 'फकिरा' १९५९ ला आली आणि त्यांनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. फकिरा त्यांच्या नात्यातला होता. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा फकिराने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीसाठी दिले, अशी आठवण सांगितली जाते. असल्या आठवणीला मी इतिहासाचं साधन मानते. ती घरात जपलेली गोष्ट आहे, आणि ज्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं तिथे जपण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

तेव्हा वर्गात असं सांग. दुष्काळ कोणत्या साली पडला, खजिना किती लुटला, कोण कोणत्या तारखेला शरण आलं, यासाठी या कादंबरीचा आधार मी देणार नाही. गावाला यात्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणायला फकिराचा बाप राणोजी जीव देतो, त्या गावात त्याची जागा कुठे होती, भुकेल्या वस्तीला धान्य मिळावं म्हणून लूट करणारा माणूस स्वतःला काय समजत होता, मान कशात मानत होता, हे मला दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळत नाही, आणि म्हणून मी 'फकिरा'चा आधार देईन. एवढं म्हटल्यावर तुझ्या शिक्षकांशी चर्चा चांगली होईल. तारखांबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे, ते सोडू नकोस.

माधवरावांवरच्या कादंबरीला मी पत्रांपुढे उभं करते आणि या कादंबरीला करत नाही, हा दुजाभाव आहे असं कुणी म्हणेल. मी तो जाणूनबुजून करते. जिथे बोलायला कागद आहे तिथे लेखकाने त्याचं ऐकलंच पाहिजे. जिथे कागदच केला गेला नाही तिथे लेखक बोलला नाही तर कुणीच बोलणार नाही.

'बनगरवाडी'तला माणदेश आता राहिला नाही. टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या. आमच्या मुलांना ती कादंबरी परकी वाटते. काय सांगू?
— एक वाचक, आटपाडी

पाणी आलं याचा आधी आनंद. टेंभूपासून कृष्णेचं पाणी उचलत उचलत तुमच्यापर्यंत आणायला माणसांनी किती वर्षं मोर्चे काढले, ते मुलांना सांगा. मग त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवा. कादंबरीच्या शेवटी पाऊस नाही म्हणून अख्खी वाडी उठून जाते, तेव्हा मास्तर मागे काय पाहतो? १९५५ च्या या लहानशा पुस्तकात तेवढं एक प्रकरण मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो ते औंधचं संस्थान होतं, तुमचा तालुका त्यातच होता. १९३९ मध्ये त्या राजाने प्रजेच्या हाती कारभार दिला आणि त्याच वर्षी तुमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, कैद्यांना कुंपणाशिवाय शेतीवर ठेवणारी. मुलांना ती वसाहत दाखवायला घेऊन जा. परकेपण तिथे कमी होईल.

माझी आजी भूमिगतांना भाकरी पोचवायची. इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारावरची मिळतील ती पुस्तकं वाचली, तिचं किंवा आमच्या वस्तीचं नाव कुठेच नाही. ती आता नव्वदीच्या पुढे आहे. वाईट वाटतं.
— एक वाचक, कडेगाव तालुका

वाईट वाटणं मी समजू शकते. पण आजी आहेत, आणि तुम्ही अजून त्यांना पुरतं विचारलेलं दिसत नाही. हे वाचून होताच विचारायला बसा.

'तेव्हा काय झालं' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी आजवर अनेकदा दिलं असेल आणि ते घासून गुळगुळीत झालेलं असेल. भाकरी कशाची होती, जोंधळ्याची की बाजरीची? सोबत काय दिलं? पीठ कुणाच्या घरचं, त्या वर्षी कणगीत किती होतं? वाट कुठून, ओढ्यातून की बांधावरून? कुणाचा कुत्रा भुंकायचा? सासूला माहीत होतं का? साल आठवणार नाही, म्हणून बेंदराच्या आधी की नंतर, उसाची लागण झाली होती का, पोटी कोण होतं, असं विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. फोनवर आवाजही टिपून ठेवा.

मग ते माहितीच्या तारखांशी जुळवा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैशांची गाडी लुटली गेली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या दोन घटनांनंतर गावांत झडत्या वाढल्या असणार, आजींना पोलीस आल्याची आठवण असेल तर ती याच्या आसपास लावून पाहा. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाचा निवाडा किंवा गांधी पद्धतीने लागलेलं एखादं लग्न त्यांनी पाहिलं असेल, तर तेही विचारा. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ मध्ये उघडपणे लोकांसमोर आले. त्या दिवसाची आठवण बहुतेकांना असते.

शोधताना एक ध्यानात ठेवा. तुम्ही 'सांगली जिल्हा' म्हणून जुने कागद मागाल तर हाती काही लागणार नाही. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पूर्वीचं सगळं 'सातारा' या नावाखाली आहे. कासेगावात राहून ज्यांनी आयुष्य घालवलं त्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारावर लिहिताना शेतकरी, बायका आणि दलित या चळवळीत कुठे होते, हे प्रश्न विचारले होते. त्यांचं लेखन मिळवा. तुमच्या आजींच्या हकिकतीला तिथे बसायला जागा आहे.

लिहून झालं की एक प्रत इथे पाठवा. आजींची परवानगी असेल तर या पानांवर छापायचा प्रयत्न करू.

सध्या तुम्ही स्वतः काय वाचता आहात?
— एक वाचक, कराड

रंगो बापूजी गुप्ते. इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे अर्ज, सभा, छापील पत्रकं करत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीत वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झालं, तरी हा माणूस तिथेच होता. परत आल्यावर १८५७ च्या उठावाची तयारी. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं, काहींना तोफेच्या तोंडी देऊन. रंगो बापूजी निसटले आणि त्यांचा पुढे पत्ता लागला नाही.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे, तो मी पुन्हा वाचते आहे. लंडनमधले अर्ज छापील आहेत, म्हणून तिथला माणूस दिसतो. शेवटचा माणूस दिसत नाही. मुलाच्या फाशीची बातमी त्यांना कुठे कळली असेल, यावर मी अनेकदा विचार करते. यावर एखादी चांगली कादंबरी कुणी लिहिली असेल आणि माझ्या नजरेतून सुटली असेल, तर जरूर कळवा.